न उघडलेली पाकिटं

कॅप्टन राजशेखर माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल. वाईट नव्हता, पण प्रत्येक गोष्टीत आपलं काय जातंय अन् आपल्याला काय मिळतंय हे बघायची त्याला खोड होती. अहमदपूरच्या मोंढ्यात बापाबरोबर सोयाबीन विकायला जायचा, तेव्हापासूनची.

नांदेडहून उडणाऱ्या एका लहानशा विमान कंपनीत तो नऊ वर्षं होता. सगळे मिळून बावीस वैमानिक. त्याच्या शेजारच्या खुर्चीत बहुतेक वेळा मोहसीन असायचा, त्याचा सहवैमानिक. नांदेडच्याच इतवारा भागातल्या मोटार वायंडिंगवाल्या अजीजभाईंचा पोरगा. वैमानिकांनी नवी संघटना काढली तेव्हा खजिनदारकी याच्याच गळ्यात पडली. गड्यानं वजिराबादच्या बाजारातून उत्सव मंडळांना लागतं तसलं तयार पावतीपुस्तक आणलं, वरचं 'सार्वजनिक उत्सव मंडळ' खोडलं अन् त्यावर संघटनेचा शिक्का मारला. राजशेखरनं त्याची चिकार टर उडवली. विमानात गणपती बसवतोस का, म्हणाला.

मोहसीनही हसला, पण सभासदत्वाचा अर्ज पुढं केलाच. राजशेखरनं सही केली. सही करायला काय जातंय? पण महिन्याला दोन हजार वर्गणी म्हटल्यावर त्यानं हात आखडता घेतला. मला यातून मिळणार काय, असं विचारलं. मोहसीननं सांगितलं की विश्रांतीचे तास पाळले जातील, बाहेरगावी मुक्काम पडला तर खोली बरी मिळेल, अन् उद्या कुणावर चौकशी लागली तर संघटनेचा माणूस त्याच्या शेजारी बसेल. राजशेखरनं मनात तोलून बघितलं. विश्रांती अन् खोली तर सगळ्यांनाच मिळणार होती. कंपनी काय सभासद बघून चादर बदलणार होती? गावच्या भंडाऱ्यात वर्गणी न देणाराही पंगतीला बसतोच की, अन् बुंदी त्यालाही तेवढीच पडते. राहिली चौकशी. ती आपल्यावर कशाला लागेल?

"बघू," तो म्हणाला.

आमच्याकडं 'बघू' म्हणजे नाही. मोहसीन इथलाच, त्याला हे कळायला हवं होतं. पण भरवसा ठेवणाऱ्या माणसाला 'बघू' सुद्धा 'हो' सारखंच ऐकू येतं.

त्यानंतर दर महिन्याला राजशेखरच्या ऑफिसातल्या खणात एक बंद पाकीट येऊ लागलं. वर संघटनेचा शिक्का. वर्गणीचा तगादा असणार असं धरून तो ते न उघडताच बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात कोंबायचा. फेकायचा नाही, कारण कचऱ्यात दिसलं तर मोहसीनला वाईट वाटेल. एवढी लाज शाबूत होती. मोहसीन तोंडानं कधी पैसे मागायचा नाही, तेव्हा पोरगं मोठं समजूतदार आहे, असंही त्याला वाटायचं.

मग डिसेंबरातली ती संध्याकाळ आली. पहाटे पाचला कामावर आलेले दोघं सहाच्या सुमाराला चौथी फेरी संपवून नांदेडला उतरले. राजशेखर इतका थकला होता, की उतरताना मोहसीननं दोनदा सांगितलेला वेग त्याला ऐकूच आला नव्हता. तेवढ्यात कंपनीचा फोन आला. दुसरी जोडी आजारी आहे, पाचवी फेरी तुम्हीच करा. राजशेखर मुकाट्यानं हो म्हणाला. मोहसीननं मात्र फोन मागून घेतला अन् थंडपणे सांगितलं की आम्ही दोघंही दमलोय, मी उडणार नाही. फेरी रद्द झाली, प्रवासी खोळंबले. राजशेखर विष्णुपुरीच्या फ्लॅटवर जाऊन जेवला अन् आठलाच आडवा झाला. खोटं कशाला बोला, मनातून त्याला बरंच वाटलं होतं.

आठ दिवसांत मोहसीन निलंबित झाला. हुकूम मोडला म्हणून चौकशी लागली. संघटनेनं कळवलं की आमचा माणूस त्याच्या शेजारी बसेल. कंपनी म्हणाली, निम्म्याहून जास्त वैमानिक तुमचे असतील तरच. संघटनेनं यादी दिली. बाविसात बारा नावं. मग कंपनीनं त्या बारा जणांना एकेक करून बोलावलं.

राजशेखरला उज्वला मॅडमनी चहा पाजला. कंपनीचं कर्मचारी खातं त्यांच्याच हातात. प्रशिक्षक म्हणून तुमचं नाव वर गेलंय, असं त्या बोलता बोलता म्हणाल्या अन् यादी पुढं सरकवली. तुम्ही खरंच सभासद आहात का? यादीत आपलं नाव बघून राजशेखरला रागच आला. अर्जावरची सही आठवली, नाही असं नाही. पण वर्गणी दिल्याशिवाय कसला आलाय सभासद? त्यानं पेन घेतलं अन् स्वतःच्या हातानं लिहून दिलं: 'मी या संघटनेला एक रुपयाही दिलेला नाही. मी सभासद नाही.'

राहिले अकरा, म्हणजे बरोबर निम्मे; निम्म्याहून जास्त नाहीत. मोहसीन चौकशीला एकटाच बसला. कॅप्टन तयार होता, सहवैमानिकानं नकार दिला, एवढंच कागदावर आलं. कॅप्टनची काय अवस्था होती, हे विचारणारं तिथं कुणी नव्हतं. महिन्याभरात मोहसीनची नोकरी गेली.

मार्चमध्ये राजशेखर प्रशिक्षक झाला. नवी बॅग मिळाली, म्हणून जुनी बॅग बापाला द्यायला तो अहमदपूरला गेला. आप्पासाहेबांनी ओसरीवर बसून तिचे कप्पे रिकामे केले. बाजूच्या कप्प्यातून पाकिटं निघाली. म्हाताऱ्यानं एक फोडलं, चष्मा लावून वाचलं अन् खूश झाला. म्हणाला, वर्गणी येळच्या येळी भरून राहिलास की, बरं केलंस.

राजशेखरनं कागद हिसकावून घेतला. ती पावती होती. दोन हजार मिळाल्याची, त्याच्या नावाची. त्यानं बाकीची पाकिटं टराटरा फोडली. आठ महिन्यांच्या आठ पावत्या, सगळ्या त्याच्याच नावाच्या. अन् खाली 'हस्ते' लिहिलेल्या जागी, बारीक नेटक्या अक्षरात, प्रत्येकीवर एकच नाव. मोहसीन.

बापासमोर त्यानं सगळं ओकून टाकलं. आप्पासाहेबांनी पावत्या गोळा करून एकावर एक रचल्या.

"आपल्याकडं एकच बैल व्हता, तवा शेजारचा लिंबाजी अन् मी सावड करायचो," ते म्हणाले. "एक बैल त्याचा, एक आपला. तवा कुठं तिफण चालायची. तू वर्गणी वर्गणी करत बसलास. ती सावड व्हती, बाळा. तू ऐन पेरणीत आपला बैल सोडून आणलास."

दुसऱ्या दिवशी तो पावत्या घेऊन उज्वला मॅडमपुढं उभा राहिला. वरातीमागून घोडं. प्रकरण बंद झालंय, असं त्या म्हणाल्या, अन् तुमच्याच अक्षरातला कागद फायलीत लागलाय याची आठवण दिली. मग तो इतवाऱ्यात गेला. खिशात सोळा हजारांचं पाकीट होतं.

मोहसीन बापाच्या दुकानात मोटारीवर तांब्याची तार गुंडाळत बसला होता. कॅप्टनला बघून सवयीनं उठून उभा राहिला. अजीजभाई नमाजाला गेले होते.

"मी ती पाकिटं उघडलीच न्हाईत रे," राजशेखर म्हणाला.

"तुम्ही बघू म्हणालात ना, साहेब. मला वाटलं काही अडचण असेल, तोवर आपण भरू." मोहसीन पुन्हा खाली बसला. "अन् तुम्ही खोटं कुठं लिहिलं? रुपया तुमचा नव्हताच."

राजशेखरला पाकीट बाहेर काढायचं धाडस झालं नाही. तेवढ्यात आतून मोहसीनची आई, जन्नतबी, चहा घेऊन आल्या. त्याच्या गणवेशाकडं बघून त्यांनी नाव विचारलं, अन् ते ऐकताच त्यांचा चेहरा फुलला.

"तुम्हीच काय ते राजशेखरसाहेब? मोहसीन बोलला मला. सगळे गप बसले, पन एक साहेब आखरीपर्यंत आमच्या बाजूनं व्हते म्हणून. अल्ला तुमचं भलं करो."

राजशेखरनं तोंड उघडलं. मोहसीननं तारेवरची नजर वर केली अन् हळूच मान हलवली, नको म्हणून.

"हाव, मीच," राजशेखर म्हणाला, अन् त्यानं चहा बशीत ओतला.