एक डोळा कमी

हेमंत कळंबे यांचा कोणावरही विश्वास बसत नसे, आणि याच गोष्टीचा त्यांना सरकार पगार देत असे. नापतोल खात्यात वीस वर्षं काढलेली. तराजूखाली चिकटवलेलं चुंबक, आतून पोखरलेलं वजन, तळाला ठोकून वर उचललेलं माप, सगळं पाहून झालेलं. पांढुर्ण्याच्या बाजारात ते नुसते शिरले, तरी चार दुकानदारांना वजनं पुसायची आठवण होई. आणि एखाद्याचा काटा अगदी खरा निघाला, तर साहेबांना आनंद व्हायच्या ऐवजी आपल्या नजरेतून काय निसटलं याची काळजी लागे.

असा माणूस आयुष्यात एकदाच फसला. सेकंडहँड स्कूटर घेतली आणि तिसऱ्या दिवशी ती जाम नदीच्या पुलावर, ऐन मध्यावर बंद पडली. एका बाजूनं पांढुर्णा पाहतंय, दुसऱ्या बाजूनं सावरगाव पाहतंय, आणि नापतोलवाले साहेब घाम पुसत स्कूटर ढकलताहेत. महिनाभर लोक विचारत होते, "साहेब, घेताना काट्यावर ठेवून पाह्यली होती का?" त्या महिन्यात हेमंतनी मनाशी गाठ बांधली, की पुन्हा कोणी आपल्याला फसवणार नाही. प्राण गेला तरी नाही.

आता प्रश्न दुर्बिणीचा होता. सहा वर्षं ते घराच्या गच्चीवरून एका लहानशा दुर्बिणीतून आभाळ पाहत होते. तिच्यातून शनीचं कडं दिसे, पण तांदळाच्या दाण्याएवढं. फोटो काढायला जावं तर नुसता पांढरा ठिपका. त्यांना हवी होती मोठ्या आरशाची दुर्बीण, ताऱ्यामागं आपोआप फिरणाऱ्या मोटरच्या स्टँडसकट. नवी घेणं या जन्मी शक्य नव्हतं. अशात त्यांच्या आभाळ पाहणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सौंसरच्या भूपेंद्र गावंडेंनी लिहिलं, की आपली दुर्बीण काढून टाकायची आहे.

संत्र्याचा बगीचा असलेला हा माणूस चंद्राचे असे फोटो काढी, की ग्रुपवरचे लोक नुसते हात जोडत. तो दुर्बीण का विकतोय? हेमंतच्या डोक्यात पहिली पाल तिथंच चुकचुकली. त्यांनी फोन लावला.

"भाऊ, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो," भूपेंद्र म्हणाला. "मंग म्हणसान का सांगितलं नाही. माहा एक डोळा गेला. म्हणूनच काढून राहिलो."

हेमंतना लगेच समजलं. दुर्बिणीच्या ज्या छोट्या भिंगाला डोळा लावून पाहायचं, त्याला ग्रुपवर सगळे 'डोळा'च म्हणत. पंचविसाचा डोळा, दहाचा डोळा. कोणाचा डोळा पडून फुटे, कोणाच्या डोळ्यात बुरशी धरे.

"बाकीचा माल?" त्यांनी विचारलं.

"बाकी सगळं एकदम नवं हाय. तुमी येऊन पाहा."

एका भिंगासाठी कोणी अख्खी दुर्बीण विकतं का? हेमंतनी फोन ठेवला आणि बायकोला, नलिनीवहिनींना, म्हणाले, "माणूस काहीतरी लपवून राहिला."

"तुमाले तं देवळातला नारळही आतून सडका वाटते," वहिनी म्हणाल्या. पण भिशीचे पैसे त्यांनीच काढून दिले होते, म्हणून सोबत निघाल्याही त्याच. "यावेळी ढकलत आणायची नाही बरं का, जी."

रविवारी दुपारी मेव्हण्याची व्हॅन घेऊन दोघं सौंसरला पोचले. भूपेंद्रनं अंगणात दुर्बीण आधीच मांडून ठेवली होती. चाळिशीचा, उंच, उन्हात काळा होणारा चष्मा घातलेला माणूस. "या जी, या," म्हणत त्यानं चहा पुढं केला, पण कप बशीच्या काठावर ठेवला आणि अर्धा चहा सांडला टेबलावर. हेमंतनी मनात नोंद केली. हात कापतोय. नलिनीवहिनींना भूपेंद्रची बायको पूनम आत घेऊन गेली.

हेमंतनी तपासणी सुरू केली ती अगदी धाड घातल्यासारखी. नळीवर टिचकी मारली. स्टँडचा प्रत्येक स्क्रू फिरवला. मोटर चालवून तिला कान लावला. नळीत टॉर्च मारून आरसा पाहिला. थोडी धूळ, बाकी लख्ख. दूरच्या पाण्याच्या टाकीवर दुर्बीण रोखली. आरशाच्या दुर्बिणीत दिसते तशी टाकी उलटी दिसली, पण तिच्या शिडीची पायरी न् पायरी मोजता येत होती. दोष सापडेना, तसतसा त्यांचा संशय वाढत गेला.

"तुमी एकदा पाहा बरं," ते म्हणाले.

"तुमीच पाहा ना. घेणारे तुमी."

"तरी एकदा."

"राहू द्या," म्हणून भूपेंद्र बाजूला सरला. विकणारा माणूस स्वतः दुर्बिणीला डोळा लावायला तयार नाही! हेमंतनी आणखी एक नोंद केली.

मग त्यांनी फोटो दाखवायला सांगितले. लॅपटॉपवर चंद्राची विवरं, गुरूचे पट्टे, शनी, काय नव्हतं? पण शेवटचा फोटो मे महिन्यातला.

"पावसाळ्याचं समजलं," हेमंत म्हणाले. "पण दसऱ्यापासून आभाळ साफ हाय. आता डिसेंबर लागला. एकही फोटो कसा नाही?"

"मन नाही लागलं," भूपेंद्र म्हणाला. एवढंच. ग्रुपवर एकेका फोटोखाली हातभर मजकूर लिहिणारा माणूस!

शेवटी भिंगांची पेटी उघडली. आत काळ्या फोममध्ये चार गोल खाचा, आणि भिंगं तीन. तिन्ही उन्हात धरून, फिरवून पाहिली. एकावरही ओरखडा नव्हता. चौथी खाच मात्र रिकामी. झालं, सापडलं! हेमंतना एकदम हलकं वाटलं. खोट बाहेर आली, की त्यांना नेहमीच असं वाटे.

लॅपटॉपशेजारी एक छोटा, गोल, लाल कॅमेरा पडला होता. दुर्बिणीत भिंगाच्या जागी बसवायचा.

"हा?"

"तो नाही द्याचा," भूपेंद्र चटकन म्हणाला. "पह्यलेची एक लहान दुर्बीण हाय, तिच्यासाठी ठेवला. तो माहा हाय."

हेमंत खुर्चीत सरळ बसले. बाजारात दंडाची पावती फाडताना जो आवाज लागे, तोच लागला. "हे पाहा गावंडेभाऊ, तुमचा एक डोळा गेला, त्याचा भुर्दंड मी कायले सोसू? मी तं पुऱ्या मालाचे पैसे देऊन राहिलो. एक डोळा कमी हाय, तं त्याच्या बदल्यात हा क्यामेरा टाका. नाही तं राहू द्या."

भूपेंद्रनं चष्म्याची दांडी चाचपली. बगीच्यात कोणी तरी पाण्याची मोटर चालू केली, तिचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "घेऊन जा."

घासाघीस नाही, रागावणं नाही. इतक्या लवकर कोणी ऐकतं, म्हणजे पाणी मुरतंय, असं हेमंतना वाटलं. तरी त्यांनी कॅमेरा उचलून पेटीच्या रिकाम्या खाचेत ठेवला. तो तिथं अगदी घट्ट बसला. ना सैल, ना तंग. मापाच्या माणसाला हे क्षणभर खटकलं. पण व्हॅन भरायची होती, आणि पूनमताई नलिनीवहिनींना संत्री बांधून देत होत्या.

मोहगाव मागं पडेपर्यंत हेमंत एकटेच बोलत होते. कॅमेरा कसा हवेतून काढला, समोरचा कसा गप्प बसला. "स्कूटरची भरपाई झाली म्हण."

वहिनी संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन समोर पाहत होत्या. "त्यायनं तुमाले फोनवर काय सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं ना तुले. एक डोळा गेला म्हणून."

"कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? दुर्बिणीचा!"

"त्यायचा, जी." वहिनींनी आता त्यांच्याकडं मान वळवली. "उजवा. जूनमधी बगीच्यात सल काढून राहिले होते, वाळलेल्या फांद्या. काटा घुसला. नागपूरले दोन खेपा ऑपरेशन केलं, कर्ज झालं, पण गेला तो गेलाच. डावा लहानपणापासूनच कमजोर. त्यानं चालता-फिरता येते, तारा नाही दिसत. रोज संध्याकाळी तो क्यामेरा लावते म्हणे, अन् ल्यापटॉपले नाक टेकवून चंद्र पाह्यते. पूनम सांगून राहिली होती का दुर्बीण गेली तरी क्यामेरा हाय, लहान दुर्बिणीवर लावतीन, तेवढा आधार राह्यला. तुमी तो घेतला हे मले व्हॅनमधी बसल्यावर समजलं."

हेमंतनी व्हॅन कडेला घेतली. बशीच्या काठावर ठेवलेला कप. 'तुमीच पाहा ना.' खाचेत घट्ट बसलेला कॅमेरा, कारण ती खाच त्याचीच होती. सगळे पुरावे त्यांनी एकूणएक गोळा केले होते, आणि एकही त्यांना वाचता आला नव्हता. मग स्वतःचंच वाक्य कानात आलं. तुमचा एक डोळा गेला, त्याचा भुर्दंड मी कायले सोसू. एका माणसाच्या तोंडावर, त्याच्याच अंगणात, त्याचाच चहा पिऊन. त्यांना इतकी शरम वाटली, की स्टिअरिंगवर कपाळ टेकून ते बसून राहिले. स्कूटरच्या वेळी पुलावर सगळ्या गावासमोर मान खाली गेली होती. आज इथं पाहायला कोणी नव्हतं, तरी मान वर होईना.

"चला वापस," वहिनी म्हणाल्या.

ते परतले तेव्हा दिवस बुडत आला होता. भूपेंद्र अंगणातच होता. दुर्बीण उभी होती त्या जागी मातीत स्टँडच्या तीन पायांचे खड्डे होते, त्यांच्याशेजारी खुर्ची टाकून बसला होता. आता उजेड कमी झाल्यानं चष्म्याच्या काचा निवळल्या होत्या, आणि उजव्या डोळ्याच्या बुबुळावरचा पांढरा डाग स्पष्ट दिसत होता.

"काय राह्यलं जी?" तो उठत म्हणाला.

हेमंतनी पेटी पुढं केली. "मी... तुमी डोळा म्हटलं, तं मले भिंग वाटलं. ग्रुपवर आपण म्हणतो ना तसं. मले ठाऊकच नव्हतं, भाऊ. देवाशपथ."

भूपेंद्रच्या खांद्यातला ताण गेल्यासारखा दिसला. "असं होय," तो म्हणाला. "मले वाटलं, नापतोलवाले साहेब, त्यायच्या इथं याचाही भाव लावत असतीन."

तो हसला. हेमंतना हसू आलं नाही. त्यांनी खाचेतला कॅमेरा काढून त्याच्या हातात ठेवला, आणि व्हॅनचं दार उघडून एकट्यानंच स्टँड खाली ओढायला लागले.

"अरे, दुर्बीण कायले काढून राहिले? ती तं तुमची झाली."

"हो, माहीच हाय," हेमंत म्हणाले. "पण आज चंद्र आधी तुमी पाहा."

त्यांनी मातीतल्या त्याच तीन खड्ड्यांत स्टँडचे पाय रोवले. नलिनीवहिनींनी आतून लॅपटॉप आणला. भूपेंद्रनं कॅमेरा बसवायला हात पुढं केला; पहिल्यांदा कॅमेरा नळीच्या बाजूनं निसटला. हेमंत मदतीला पुढं सरले नाहीत. दुसऱ्यांदा तो बरोबर बसला.