खाच पडलेला भोवरा

मित्रांनो, मी एक जुना भोवरा आहे. अंग बाभळीचं, टोकाला लोखंडी आर, दोरी बसावी म्हणून भोवती कातलेले चर आणि आरीच्या जरा वर एक खोल खाच. चर मला घडवणाऱ्याने पाडले. खाच बलभीमने पाडली. माझं बाकीचं आयुष्य या दुसऱ्या कारागिरीभोवतीच फिरलं.

येडशीजवळ रामलिंगाला श्रावणात जत्रा भरते. तिथं शाळकरी आबारावने मला निवडलं. परतताना माकडाने त्याचे फुटाणे पळवले, मलाही पळवलं, पण एकदा चावून परत टाकलं. आयुष्यातला पहिला नकार मला असा मिळाला.

गल्लीत मात्र माझी कीर्ती झाली. आबारावने दोरी आवळून झटका दिला की मी जमिनीवर उतरायचो आणि एका जागी असा घुमायचो की पोरं बोलायची थांबत. आमच्या खेळात कायदा एकच होता. फिरणाऱ्या भोवऱ्याला कुणी शिवायचं नाही. पडलेल्याला मात्र आपल्या भोवऱ्याच्या आरीने गुच्चा मारायचा.

एका दुपारी बलभीमने मला गुच्चा मारला. बलभीम म्हणजे आबारावचा जिवलग मित्र. एका डब्यात जेवणारे दोघे.

"उभा व्हता त्यो!" आबाराव ओरडला.

"पडला व्हता!" बलभीम म्हणाला.

त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. पोरांच्या मिशा आल्या, लग्नं झाली, मिशा पिकल्या, तरी नाही. आबाराव पुढे एसटीत कंडक्टर झाला. बलभीम त्याच्या गाडीत चढला की धाराशिवच्या दिशेला बोट दाखवायचा, आबाराव मशिनमधून तिकीट काढायचा. माणसं शेजारी बसून भूक, पाऊस, सरकार सगळं बोलायची. हे दोघं तिकिटावर भागवायचे. खरं काय घडलं ते फक्त मला ठाऊक होतं. मला कुणी विचारलं नाही.

मी पत्र्याच्या पेटीत गेलो. तिथं काळ जातो, पण कळत नाही. एक दिवस झाकण उघडलं आणि आबारावची मुलगी क्षमा आत डोकावली.

क्षमा बी.ए. झालेली. भाजलेल्या मातीच्या बोराएवढ्या मण्यांचे हार करायची. प्रत्येक मण्याला दोन्ही बाजूंनी तांब्याच्या तारेची टोपी हवी. त्यासाठी तिने पेन वापरून पाहिला, छत्रीची काडी वापरली. पण सरळ वस्तूवर तार गुंडाळली की नुसती स्प्रिंग होते. तिला उतार हवा होता. तो माझ्याकडे जन्मापासून आहे.

ती मला उलटा धरायची. आरीभोवती तारेचा पहिला वेढा, मग उतारावरून एकाला एक चिकटून पुढचे वेढे, मग हलकेच पीळ देऊन टोपी वर काढून घ्यायची. आरीच्या जागी दोरा ओवायला भोक आपोआप राहायचं. मग टोपी मण्यावर बसवून बोटाने दाबायची. दोरी मला फिरवायची. तार माझ्याभोवती फिरायची आणि मी बसून राहायचो. वय झालं की असंच होतं. पण साधा मातीचा मणी टोपी घालून नवरदेवासारखा ऐटीत बसला की मला बरं वाटायचं.

धाराशिवच्या दुकानदार चैतालीताईंनी हार हातात घेतला. आधी कौतुक केलं, मग चष्मा लावला.

"क्षमा, या टोपीला पोक आलाय गं."

"एखादीला येतो, ताई."

"एखादीला? सगळं वऱ्हाडच पोक काढून उभं आहे! लग्नसराईची ऑर्डर आहे माझी. गुळगुळीत करून दे, नाहीतर मला दुसरीकडं बघावं लागेल."

पोक माझ्या खाचेचा होता. तार तिथं आली की आत बसायची आणि टोपी वाकायची. आणि ही ऑर्डर गेली तर क्षमाने पुण्याला मावशीकडे राहून कंपनीत लागायचं, असं घरात ठरलेलं. तिला जायचं नव्हतं. बॅग मात्र कपाटावरून खाली आली होती.

तिने पॉलिश पेपर आणला. आबाराव ताटावरून उठला.

"क्षमे, थांब. पुरावा हाय त्यो."

"कशाचा?"

"बलभीमच्या खोटेपणाचा."

"पप्पा, केस कुठल्या कोर्टात चालू आहे?"

"चालू न्हाय. पण लागली तर?"

एवढी खोल खाच तशीही पॉलिश पेपरला जुमानणारी नव्हती. आबाराव ड्यूटीवर गेल्यावर क्षमाने मला पिशवीत टाकलं आणि ती थेट बलभीमकडे गेली. स्टेशनजवळ त्याचं पलंगाचे पाय कातायचं दुकान आहे.

"काका, एवढी खाच काढून द्या."

बलभीमने मला हातात घेतलं. उलटसुलट करून पाहिलं.

"आबाचा हाय ह्यो. त्यानं धाडलं?"

"नाही. त्यांना कळलं तर मलाच पेटीत टाकतील."

"आजूनबी म्हणतो का, उभा व्हता?"

"रोज नाही म्हणत."

"पडला व्हता, पोरी. आईच्यान."

त्याने मला यंत्रावर चढवलं. पट्टा फिरू लागला, मी फिरू लागलो. कित्येक वर्षांनी फिरत होतो आणि समोरून पटाशी येत होती. एक हात फिरला की खाच गेली, पोक गेला, क्षमाचं पुणं टळलं. आणि पुरावा आरोपीच्याच हातात!

यंत्र थांबलं.

"न्हाय जमायचं," बलभीम म्हणाला. "म्या घासला तर म्हणंल, बलभीमनं पुरावा खाल्ला. गप बस हितं, तुला नवा करून देतो."

त्याने माझ्या मापाचा शिसवी भोवरा कातला. चर पाडले नाहीत. "तुला तार गुंडाळायची. चर कशाला?" म्हणाला.

संध्याकाळी आबारावने आधी मला उचललं. अंगठ्याने खाच चाचपली.

"घासला न्हाय त्यानं?"

"यंत्रावर चढवला होता. मग उतरवला."

आबारावने मला खाली ठेवलं. मग नवा भोवरा उजेडात धरून म्हणाला, "आर तिरपी बसवलीय. पहिल्यापासनं त्याचं असंच. जाऊन सांगाया पायजे."

क्षमाने पाहिलं, मीही पाहिलं. आर सरळ होती.

सुट्टीच्या दिवशी आबारावच्या खिशात मी आणि दोरी, असे आम्ही बलभीमच्या दुकानात शिरलो.

"आर तिरपी हाय," आबाराव म्हणाला.

"चष्मा बदल," बलभीम म्हणाला.

मग आबारावने दोरी गुंडाळली. पहिल्या झटक्याला मी भुशात लोळलो. दुसऱ्याला उभा राहिलो. दोघं गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. मी घुमलो, डुललो, कललो.

"बघ, उभा हाय!"

"पडला की!"

मित्रांनो, त्या दुपारीही असंच झालं होतं. मी उभा नव्हतो आणि पडलेलाही नव्हतो. पडत होतो.

"पुन्हा टाक," बलभीम म्हणाला.

क्षमाच्या टोप्या आता गुळगुळीत होतात. ऑर्डर वेळेत पोचली, बॅग पुन्हा कपाटावर चढली. मी कामावरून मोकळा झालो आणि आबारावच्या प्रत्येक सुट्टीला खटल्यासाठी दुकानात हजर असतो.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या घरी जुना भोवरा असेल तर त्याला ओलीत ठेवू नका, अधूनमधून तेलाचा हात लावा. त्याच्यावर खाच असेल तर घासू नका. ती पाडणाऱ्याच्या दारात न्या आणि तिथं फिरवा. निकालाची घाई करू नका.