धुक्यात आंधळे झालेले हेल्मेट

मी एक जुने हेल्मेट आहे. मित्रांनो, परदेशी कारखान्यात मला घडवले तेव्हा माझ्या काळ्या काचेचे फार कौतुक झाले होते. महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षे झाली असतील. वैमानिक मेहेंदळे मला डोक्यावर घालून रोहिणखेडच्या शिवारात कपाशीवर हेलिकॉप्टरने औषध फवारत असत.

गावाचा आमच्यावर राग होता. आमच्या उतरायच्या मैदानाला लागूनच जनकाबाईचा भाजीचा मळा आणि तिची विहीर होती. वाऱ्याने औषध तिकडे गेले, मिरची करपली, दोन शेळ्या मेल्या. ती विचारायला आली, तर मेहेंदळे साहेबांनी मला डोक्यावरून काढलेसुद्धा नाही. वरून एवढे बारीक दिसत नाही, असे काचेआडूनच सांगून त्यांनी तिला वाटेला लावले. तेव्हापासून ती आम्हाला पाहिले की थुंकत असे. मलाही ती बाई डोळ्यांसमोर नको वाटे.

आश्विनातल्या एका सकाळी आम्ही वर असतानाच डोंगराकडून दाट धुके उतरले. माझी काच पांढरी झाली. साहेबांनी ती वर सरकवली, तरी जमीन दिसेना. इंधन संपत आले. त्यांच्या कपाळाचा घाम माझ्या अस्तरात मुरत होता आणि मी नुसते डोक्याला ओझे झाले होते.

तेवढ्यात खाली एक तांबडा डाग दिसला. तो वाढत गेला. साहेबांनी त्याच्या शेजारी हेलिकॉप्टर टेकवले. घिरट्यांचा आवाज ऐकून जनकाबाईने चुलीसाठी ठेवलेली सगळी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडे, रॉकेल ओतून पेटवली होती.

साहेब आभार मानू लागले. तिने हात आडवा केला.

"तुमाले वाचवाले नाही पेटवली, साहेब. हे लोखंड माह्या हिरीत पडलं असतं."

साहेबांनी मला डोक्यावरून काढले.

दुसऱ्या दिवशी मला काखेत धरून ते तिच्या मागोमाग बांधावरून फिरले. मळा कुठे संपतो ते तिने पायाने दाखवले. बसा म्हणाली नाही, पाणी विचारले नाही. तो पट्टा साहेबांनी फवारणीतून कायमचा वगळला. तिचा राग मात्र गेला नाही, आणि का जावा?

आता म्हणे माझ्या जातभाईंच्या काचेवर धुक्यातही डोंगर आणि जमीन उमटते. चांगले आहे. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण वर उडण्याआधी खाली कोण राहते, ते एकदा पायी जाऊन पाहा.