संगप्पांच्या पंगतीला बाटली

१९७४ साल. फाल्गुन लागला होता. दुष्काळात रेशनवर मिळणाऱ्या परदेशी मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरीचे दिवस नुकतेच सरले होते आणि सोलापुरात घराघरांतून पुन्हा शाळूच्या पांढऱ्या भाकरीचा वास येऊ लागला होता. अशाच एका रविवारी दुपारी संगप्पांच्या सोप्यात एक फ्रेंच माणूस पाटावर मांडी घालायची खटपट करत होता. माजघराच्या दाराआडून दोघी जावा बघत होत्या.

"खुर्ची द्या की त्येला," थोरली ईरम्मा कुजबुजली.

"नगं म्हनला. समदी बसत्यात तितंच बसनार म्हनं," मायाक्का म्हणाली.

त्याचं नाव रेने. गिरणीत परदेशातून नवे माग आले होते, ते बसवायला तो आला होता. ईरम्माचा नवरा गुरुबसप्पा त्याच्या हाताखाली फिटर. माग चालू झाले, रेनेचं परत जायचं ठरलं, तेव्हा म्हाताऱ्या संगप्पांनीच लेकाला सांगितलं, "एवढा लांबचा मानूस. गिरनीच्या बंगल्यावर उकडल्याला बटाटा खाऊन ऱ्हायला. आपल्या घरी जेवल्याबिगर कसा जाऊ द्यायचा?"

मायाक्का पहाटेपासून चुलीपुढं होती. पातळ भाकरी, तिळाच्या कुटाची भरली वांगी, शेंगदाण्याची आमटी, खलबत्त्यात कुटलेली शेंगाचटणी, वर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. आज तिला जेवण बिघडू द्यायचं नव्हतं. जेवणानंतर मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, मन प्रसन्न असेल, तेव्हा थोरल्या भावजींनी तिच्यासाठी एक गोष्ट विचारायची, असं ठरलं होतं.

ती गोष्ट तिच्या नवऱ्याची होती. बसलिंगप्पा, संगप्पांचा धाकटा लेक. गिरणीत रंगखात्याला होता. तिथं त्याला हातभट्टीचा नाद लागला. एकदा तो झिंगून पंगतीला बसला, तर संगप्पांनी त्याच्या पुढचं ताट उचललं. "प्यालास तर माज्या पंगतीला बसू नगंस." बसलिंगप्पा उठला, तो पुन्हा त्या घरात जेवला नाही. मायाक्का मागल्या दाराला भाकरी घेऊन उभी राहायची, तो मान हलवायचा. वर्षभरात पिऊन पिऊनच गेला. त्या दिवसापासून संगप्पांनी त्याचं नाव घेतलं नाही, म्हणून कुणीच घेतलं नाही. गेलेल्या माणसाची तिथ आली की त्याच्या नावानं जंगमस्वामींना जेवू घालायची रीत होती. संगप्पांनी आपल्या आईबापाची तिथ कधी चुकवली नाही. बसलिंगप्पाची कधी घातली नाही. यंदा तरी ती घालू द्या, हेच विचारायचं होतं. आणि मायाक्कानं तरी काय करावं? त्या वेळच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसत. मामा घेत नाहीत, आपल्याला घेता येत नाही, मग ते नाव राहणार कुठं, एवढंच तिच्या मनात घोळत असायचं.

संगप्पांनी गळ्यातल्या लिंगाची पूजा आटोपली, विभूती लावली आणि पहिला घास घेतला. तेवढ्यात रेनेनं आपल्या कापडी पिशवीतून एक काळपट बाटली काढली. बूच उपटलं आणि पाण्यासाठी ठेवलेल्या पेल्यात तांबडं काहीतरी ओतलं. संगप्पांकडे बघून हसला, पेला जरासा उंच केला.



"ते काय हाय?" संगप्पांनी विचारलं.

"द्राक्षाचा रस हाय, अप्पा. त्येंच्या गावचा."

"गुरुबसू, मला येड्यात काढू नगंस. वास कळतोय की मला."

गुरुबसप्पानं मान खाली घातली. माजघरात ईरम्मानं मायाक्काचा दंड धरला. म्हातारा उठणार, असंच दोघींना वाटलं. पण संगप्पांना उठता येत नव्हतं. लिंगाला दाखवलेलं अन्न म्हणजे प्रसाद, त्यातलं शीत टाकायचं नाही, हा नेम त्यांनी जन्मभर मोडला नव्हता. ताट तर भरलेलं होतं. त्यांनी मान वळवली आणि भिंतीकडे बघत एकेक घास गिळू लागले. मायाक्कानं मनातल्या मनात आजचं विचारणं सोडून दिलं. यंदाही नाही.

भाकरी वाढायला ती वाकली, तेव्हा तो वास तिलाही आला. भट्टीच्या दारूसारखा तो नाकात घुसत नव्हता. पिकलेल्या जांभळासारखा होता, थोडा ओल्या लाकडासारखा. रेने वांग्याचा घास खायचा, तिखटानं डोळे मिटायचा, मग पेल्यातला लहानसा घोट तोंडात धरायचा आणि मान डोलवायचा. पुन्हा भाकरी, पुन्हा चटणी, पुन्हा घोट. कुणी ताक पीत जेवावं तसं. पिणारा माणूस असा जेवताना तिनं कधी पाहिला नव्हता.

"लई चांगलं," रेने तिला म्हणाला. गिरणीतल्या लोकांनी त्याला तेवढं शिकवलं होतं.

"लई म्हनतोय, मग वाढ की अजून," ईरम्मा आतून म्हणाली. रेनेनं ताटावर दोन्ही हात धरून "बास, बास" केलं, तरी हाताच्या फटीतून वांगं ताटात पडलंच. गुरुबसप्पा हसला. संगप्पा हसले नाहीत.

जेवण संपत आलं. संगप्पांनी रिवाजाप्रमाणं रिकाम्या ताटात तांब्यातलं पाणी ओतलं, बोटांनी ताट निपटून घेतलं. ते पाणी प्यायचं, म्हणजे अन्नाचा कणही वाया जात नाही. ताट उचलता उचलता त्यांची नजर समोर गेली.

रेनेच्या वाटीत तळाशी थोडी गरम आमटी उरली होती. त्यात त्यानं बाटलीतली जराशी ओतली, वाटी हातात घेऊन गोल फिरवली, आणि दोन्ही हातांनी तोंडाला लावून पिऊन टाकली. वाटी लख्ख झाली.

संगप्पांनी ताट पुन्हा खाली ठेवलं.

"इचार त्येला, हे असं का केलं."

गुरुबसप्पानं गिरणीतल्या मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत विचारलं. रेने बराच वेळ बोलला.

"म्हनतोय, त्येंच्या गावाकडं म्हातारी मानसं असंच करत्यात. आज्ज्यानं शिकिवलं त्येला. वाटीत काय ठिवायचं न्हाय."

"आन ही रोज पितोय?"

"जेवतानाच म्हनं. जेवान न्हाय तर ही बी न्हाय. लई भारीतली न्हाय ती. दोन-तीन जातीच्या द्राक्षांची, मिसळून केल्याली. गवंडी, शेतकरी, समदे हीच घेत्यात. स्वस्त हाय पर चांगली हाय म्हनतोय."

संगप्पांनी ताट जरा बाजूला सारलं. मग हळूच म्हणाले, "बापाम्होरं पितोय?"

प्रश्न ऐकून रेनेला नवल वाटलेलं दिसलं. त्यानं दोनच शब्दांत उत्तर दिलं. गुरुबसप्पाला ते सांगवेना.

"काय म्हनला?"

"बापच वततो म्हनं, अप्पा."

संगप्पांनी ताट उचललं आणि त्यातलं पाणी सावकाश प्यायले. प्यायला त्यांना फार वेळ लागला. ताट खाली ठेवलं तेव्हा त्यांच्या मिशीतून पाणी ठिबकत होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

"बसलिंग उपाशी पोटी प्याला," ते म्हणाले. "पंगतीतनं मीच उठिवला त्येला."

मायाक्का भाकरीची टोपली घेऊन तिथंच उभी राहिली. ते नाव त्या सोप्यात किती दिवसांनी उमटलं होतं.

"यव्वा," संगप्पांनी तिच्याकडे न बघताच विचारलं, "कदी हाय त्येची तिथ?"

"ह्याच अमुशाला, मामा."

"स्वामींना सांगावा धाड." मग गुरुबसप्पाकडे वळून ते म्हणाले, "आन पाव्हन्याला सांग, ही वस्तू पुन्ना माज्या घरात आनायची न्हाय."

गुरुबसप्पा रेनेला काहीतरी म्हणाला. पण रेनेनं हसून पोटावरून हात फिरवला, त्यावरून निरोप जसाच्या तसा पोचला नसावा.

अमावास्येला स्वामी आले. पाटावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "कुनाच्या नावानं?" संगप्पांनी लेकाचं पूर्ण नाव, आपल्या नावासकट, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं. मग स्वतःच्या हातानं वाढलं. हुग्गीची पळीसुद्धा त्यांनी कुणाला दिली नाही.

रेने त्याच महिन्यात गेला. काही वर्षं गुरुबसप्पाला नव्या वर्षाचं कार्ड यायचं, मग येईनासं झालं. संगप्पा चार वर्षांनी वारले. पुढं गिरणी बंद पडली. गुरुबसप्पानं माग दुरुस्तीचं लहानसं दुकान टाकलं आणि शेवटपर्यंत चालवलं. ईरम्मा आता लेकाकडे जुळे सोलापूरच्या नव्या वस्तीत असते. गुडघ्यांनी जिना उतरवत नाही म्हणून गॅलरीत बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारते.

मायाक्का जुन्याच घरात राहिली. संगप्पा गेले त्या वर्षी बसलिंगप्पाच्या तिथीच्या अमावास्येला गुरुबसप्पा गिरणीत पाळीवर गेलेला होता. घरात पुरुषमाणूस नव्हतं. स्वामी पाटावर बसले आणि नेहमीप्रमाणं विचारलं, "कुनाच्या नावानं, बाई?"

ईरम्मानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मायाक्कानं हातानं तिला थांबवलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "बसलिंगप्पा संगप्पा. माजे मालक."

आणि ती भाकरी वाढायला वाकली.