दिलेलं वाण

विनताबाईंनी शकुच्या पदरात वाणाची पिशवी घातली आणि पिशवीच्या तोंडातून डब्याचं झाकण दिसलं. निळं झाकण, त्यावर गुबगुबीत बाळ. तान्ह्या बाळांच्या दुधाची पावडर! त्यांचा हात तिथंच थांबला. निम्म्या बायकांना त्यांच्याच हातून वाण देऊन झालं होतं.

विजय नगरातलं सरोजिनीकाकूंचं संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे जबलपूरच्या मराठी बायकांचं वर्षाचं संमेलनच. यंदा वाण वाटायचा मान काकूंनी विनताबाईंना दिला होता आणि वाण आणलं होतं मनीषानं. मनीषा त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. बाई कौतुकानं फुलून वाटत सुटल्या होत्या. पिशवीत काय आहे, हे विचारायचं कुणाला सुचतंय!

त्यांनी मनीषाला खिडकीपाशी ओढलं.

"अगं, हे काय वाटायला लावलंस मला?"

"मॅडम, तुमचीच तर आयडिया! वर्गात नव्हतं का शिकवलं? नर्सबाईनं दिलेली पुडी फळीवर पडून राहते, वाणात आलेली पोटात जाते. आणि आमच्या पावडरचे फुकट नमुने वाटायला कायद्यानं बंदी आहे ना. पण वाणाला कौन रोकेगा?"

मनीषा निर्मळ हसत होती. गुरुदक्षिणाच द्यायला आली होती ती.

शिकवलं होतं, खरंच. बाई मूळच्या मानसशास्त्राच्या. बाळंतिणीच्या मनातली भीती हा त्यांचा पीएचडीचा विषय. पुढे अधारतालच्या वस्त्यांत जुलाबानं पोरं दगावत, म्हणून सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनात शिरल्या. साखर-मिठाची पुडी बायका घ्यायच्या, पण पोरांना द्यायच्या नाहीत. मग बाईंनी तीच पुडी हळदीकुंकवात वाण म्हणून लुटली आणि पोरं वाचली. संशोधनाचा पैसा आटला तशा त्या मॅनेजमेंट कॉलेजात मार्केटिंग शिकवू लागल्या. तिथं हाच किस्सा रंगवून सांगायच्या. पोरं टाळ्या वाजवायची. 'पुडीच्या जागी काहीही ठेवा, चालतं,' हेही त्याच म्हणायच्या. जिभेला हाड म्हणून नव्हतं!

त्या शकुजवळ जाऊन बसल्या. शकु अधारतालचीच, पहिलटकरीण. मांडीवरचं बाळ मूठ चोखत होतं.

"शकु, हे त्याला देऊ नकोस गं. अंगावरचंच पाज. बाटली, नळाचं पाणी... पुन्हा तेच जुलाब मागं लागतील."

"काहून जी?" शकु गोंधळली. "मले दूध पुरते का नाही, याच घोरात होती मी. पोरगं नुसतं रडून राहिलं. म्हटलं, विनताबाईच्या हातून आलं, आता फिकीर नाही."

दूध पुरेल की नाही! बाईंच्या प्रबंधात या एका भीतीवर अख्खं प्रकरण होतं.

"माझ्या हातून आलं, पण आत काय आहे ते मला माहीत नव्हतं."

"असं कसं होईल? माहा भाऊ मोहन तुमच्याच पुडीनं वाचला. आई भिऊन राहिली होती, तवा तुम्हीच तिले म्हणाल्या, वाणावर शंका घेऊ नये बाई. आई अजून सांगते सगळ्याइले."

बाईंनी त्या निळ्या झाकणाकडे पाहिलं. आता समजावून काय उपयोग? नुसतं सांगितलेलं फळीवर पडून राहतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं! त्यांनी हात पुढे केला आणि शकुच्या पदरातली पिशवी उचलून घेतली.

बायकांत कुजबुज सुरू झाली. दिलेलं वाण परत घेतं का कुणी? तेही लेकुरवाळीच्या पदरातून?

"अगंबाई विनता, हे काय करून राहिलीस?" सरोजिनीकाकू उठल्याच.

"चूक झाली माझी, काकू. सगळ्यांनी परत द्या."

दोघीतिघींनी दिल्या. बाकीच्यांनी पिशव्या हळूच मांडीखाली सरकवल्या. मनीषा मान खाली घालून मोबाइल चाळत राहिली.

शकुचे डोळे भरून आले होते.

"माह्या लेकराचं वाईट काहून चिंतता जी तुम्ही?"

"तसं नाही गं..." बाई म्हणाल्या.

बाळानं टाहो फोडला. शकुनं त्यांच्याकडे पाठ केली, पदर ओढला आणि त्याला छातीशी घेतलं. रडणं थांबलं. थोड्या वेळानं दूध गिळल्याचा बारीक आवाज येऊ लागला. बाई जागच्या हलल्या नाहीत, तो थांबेपर्यंत ऐकत राहिल्या.

निघताना त्यांनी कुंकवाची कोयरी उचलली आणि बोटाला कुंकू घेऊन शकुसमोर वाकल्या. शकुनं मान फिरवली. मग बाईंची नजर पडू नये म्हणून झोपलेल्या बाळाचं तोंड तिनं पदरानं झाकून घेतलं.