मिदोराची शेवटची गाडी

माझा नवरा तिहोमिर वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल. मीही घातल्या. स्वयंपाकघराचं दार लावून, हळू आवाजात, कारण बाहेर सणाची माणसं जेवत होती.

पाराचिनमध्ये मिदोरा गाड्यांचं दुकान आमचं. कंपनी जपानची, पण गावाला ती तिहोमिरचीच वाटायची. सुरुवातीला तिची एकच गाडी यायची, पिका. एवढीशी, दिसायला डबा, पण मोरावा नदीच्या पुरानंतरच्या चिखलातूनही बाहेर यायची. पाद्रीबाबांनी घेतली, शाळेतल्या बाईंनी घेतली, टपाल वाटणाऱ्या नेवेनानं घेतली. कुणाची बिघडली तर शेजारी आपल्या अंगणातल्या मेलेल्या पिकाचा भाग काढून द्यायचा. त्या दिवसांत तिहोमिर रस्त्यानं निघाला की लोक थांबून हात मिळवायचे, आणि मीही बाजारात जरा तोऱ्यातच भाजी निवडायची. खोटं कशाला बोलू.

मग कंपनीला शहाणपण सुचलं. पिकात नफा उरत नाही म्हणे, आणि युरोपच्या धुराच्या नियमांतही ती बसत नाही. झाली बंद. तिच्या जागी तातेरा आली, कपाटाएवढी उंच, जिची किंमत ऐकून गिऱ्हाईक आधी पाणी मागायचं. ती खपेना, तर विजेवरची नामी पाठवली. गावात गाडी चार्ज करायचा खांब एकच, तोही नगरपालिकेच्या आवारात, आणि तिथं सदानकदा साहेबांची गाडी. लोक पुलापलीकडच्या दुसऱ्या कंपनीच्या दुकानात जायला लागले. आमच्या काचेसमोरून जाताना तिहोमिरला हात करायचे, तेवढीच काय ती ओळख.

डिसेंबरात राजधानीतून, बेलग्रेडच्या कचेरीतून फोन आला. मिदोरा नव्या वर्षात देशातून गाशा गुंडाळणार. जाहीर होईपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही, आणि असलेला माल खपवायचा. आमच्याकडे माल म्हणजे पांढरी नामी, एकुलती एक. तिहोमिरनं फोन ठेवला आणि त्या गाडीच्या काचा पुसत बसला. आधीच लखलखीत होत्या.

त्यानंतर आठच दिवसांत आमच्या घराच्या संताचा, संत निकोलाचा सण आला. या सणाला आमच्यात कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो, आणि घरधन्यानं दिवसभर उभं राहून वाढायचं. उपवासाचा सण, म्हणून मांस नाही, मासा चालतो. मी कार्प मासा भाजला, घेवडा भट्टीत ठेवला, कोबीच्या पानांत अक्रोड-भात गुंडाळला. दुपारी वुकोमान आला. उकडलेल्या गोड गव्हाचा चमचा तोंडात घातला, छातीवर क्रूस काढला आणि नेहमीच्या जागी बसला.

वुकोमान आमचा कूम, आणि आम्ही त्याचे; बाईला कुमा म्हणतात. आमच्या लग्नात साक्षीला उभा राहिला, आमच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर त्यानंच धरलं. भाऊ भांडेल, वाटणी मागेल, चालतं. कुमाशी वाकडं वागायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

मासा संपत आला तेव्हा तो म्हणाला, "कूम, तुझ्या दुकानातली ती पांढरी मी नेतो."

तिहोमिरच्या हातात दारूची बाटली होती. "कुणाला?"

"यागोदाला." यागोदा त्याची नात, सरकारी नर्स. "पोर डोंगरातल्या वाड्यांवर बाळंतिणी बघत हिंडते. माझी पिका आता त्या बाळंतिणींहून म्हातारी झालीय."

"विजेची गाडी डोंगरात?" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "मग ओढायला बैलही घेऊन ठेव, वुकोमान."

"बैल आहे माझ्याकडे. गाडी नाही," तो म्हणाला, आणि लोक हसले. मग तिहोमिरकडे वळला. "थंडीत चालेल ना रे?"

"चालेल."

"बिघडली तर?"

"मी आहे की."

"तू आहेसच. पण कंपनी राहील ना?"

"कंपनी कुठं जातेय, कूम," तिहोमिर म्हणाला. "मिदोरा काय कालची आहे?" आणि त्यानं पेला काठोकाठ भरला.

मी हातातली थाळी खाली ठेवली. बर्फात कुठल्यातरी वाडीच्या वळणावर ती पोर बंद गाडीत बसलीय, आणि तिच्या गाडीचा भाग साऱ्या देशात मिळत नाहीये, हे मला तिथंच दिसलं. मी तिहोमिरची बाही धरून त्याला आत ओढला.

"लाज आहे का तुला? कुमाला?"

"सणाच्या दिवशी घरी आलेल्याचं तोंड कडू करू?"

"त्याचं नाही, तुझं तोंड कडू होतंय."

"उद्या सांगतो. सहीच्या आधी."

"आत्ता सांग."

तो चुलीकडे बघत राहिला. "सगळ्यांसमोर सांगू, रुझित्सा? की तिहोमिरचं दुकान बुडालं? या गावात माझं दुसरं आहे काय?" मला त्याची कीव आली आणि चीडही आली, दोन्ही एकदम, आणि मी कपाळाला हात लावला. तोवर बाहेरून कुणीतरी पाव मागितला आणि तो सुटल्यासारखा निघून गेला.

माणसं एकेक करून गेली. वुकोमान मात्र उठेना. शेवटी आम्ही तिघंच उरलो. त्यानं सावकाश कॉफी संपवली.

"आता कुणी नाही," तो म्हणाला. "पाच वर्षांनी सुटे भाग मिळतील ना, तिहोमिर?"

मी नवऱ्याकडे बघितलं. बोल, बाबा, बोल, असं मनात म्हणत होते. कुणी ऐकणारं नव्हतं, आता तरी बोल.

"मिळतील," तिहोमिर म्हणाला.

वुकोमाननं कप बशीत ठेवला. "माझा भाचा बेलग्रेडच्या गोदामात आहे. मिदोराचे भाग खोक्यांत भरून परत पाठवताहेत म्हणे. पाठवायला लागले त्या दिवसापासून मला माहीत आहे."

तिहोमिर पांढराफटक पडला. "मग विचारलंस कशाला?"

"तू सांगावंस म्हणून. सांगितलं असतंस तरी नेली असती. यागोदाला नसती दिली, मी वेडा नाही. माझ्यासाठी नेली असती. बाजारात जायला-यायला मला पुरली असती, आणि तुझ्या गळ्यातली धोंड गेली असती." तो उठला आणि कोट चढवला. "आता नाही नेत. आता नेली तर तू कुमाला फसवलंस असं होईल. ते मी होऊ देणार नाही."

रीतीप्रमाणे त्यानं आमच्या दोघांच्याही गालांचे तीन-तीन मुके घेतले. "मासा झकास झाला होता, कुमा," मला म्हणाला, आणि गेला. त्यानं आरडाओरडा केला असता, टेबल उलथलं असतं तर बरं झालं असतं. आम्ही मेल्याहून मेल्यासारखे झालो होतो. पुढं कितीतरी दिवस मी पाव आणायला दोन गल्ल्या लांबून जायची, वाटेत वुकोमानचं घर लागू नये म्हणून.

वर्ष संपता संपता शेजारच्या चुप्रियाहून एक माणूस दुकानात आला. नामीभोवती फिरला, चाकांवर लाथा मारून बघितल्या, आत बसला. रंग आवडला म्हणाला. तिहोमिर त्याला कागद दाखवतच होता, तेवढ्यात दार ढकलून यागोदा आत आली, ड्यूटीच्या कपड्यांतच, बूट बर्फानं माखलेले.

"तिहोमिरकाका, मला गाडी घ्यायचीय. कुठली घेऊ ते सांगा. आजोबांनी तुमच्याकडेच धाडलंय. म्हणाले, तिहोमिरलाच विचार, तो आता खोटं बोलणार नाही." आणि ती हसली. आजोबांची नेहमीची थट्टा, असंच तिला बिचारीला वाटलं असणार.

कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून मी हिशेबाच्या कागदांत डोकं खुपसलं. तिहोमिर त्या गिऱ्हाइकाकडे बघत राहिला, मग नामीकडे.

"ही घेऊ नकोस, पोरी," तो म्हणाला. चांगला मोठ्यानं म्हणाला. "मिदोरा नव्या वर्षात चाललीय. भाग मिळणार नाहीत. कुणीच घेऊ नये."

चुप्रियाचा माणूस गाडीतून उतरला, दार अलगद लावलं आणि निघून गेला.

"मग कुठं जाऊ?" यागोदानं विचारलं.

"पुलापलीकडे. त्यांची छोटी गाडी चांगली आहे, पेट्रोलची. थांब, मीच येतो. एकटी गेलीस तर महागातली गळ्यात मारतील."

तो तसाच निघाला. भर बाजारातून, सगळ्या गावादेखत, परक्याच्या दुकानात, आणि अंगात पाठीवर मिदोराचं नाव असलेलं जाकीट. ते काढून जा, अशी हाक मारायला मी दारापर्यंत गेले होते. मारली नाही.