मवाळ शत्रू

ती कवळ्या बनवायची. दिवसभर प्लास्टरच्या जबड्यांवर मान मोडून काम, आणि घरी आल्यावर चहा घेऊन पुन्हा कॉम्प्युटरसमोर मान मोडायची. तिच्या वडिलांचा एक जुना गेम होता. राज्य उभारायचं, सैन्य पोसायचं, शेजाऱ्याशी तह करायचा नाहीतर लढायचं. तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. कॉम्प्युटर बदलला की गेम चालेनासा व्हायचा. मग ती त्याच्या फायली उघडून ठिगळं लावायची. हळूहळू तिने नवे नकाशे घातले, नद्या घातल्या, शत्रूचं डोकंसुद्धा नव्याने लिहिलं. अशा घरगुती बदलांना खेळणारे मॉड म्हणतात. तिने आपला मॉड इंटरनेटवर ठेवला आणि कुठले कुठले लोक तो खेळू लागले.

आता तेच अंगाशी आलं होतं. रोज तक्रारी. हत्ती पुलावर अडकतात, तह मोडला तरी राजदूत हसतच असतो.

"नोकरीला निदान सुट्टी असते गं," ती धाकट्या बहिणीला म्हणाली.

"मग सोड की. तुला बांधून ठेवलंय का कोणी?"

बाबांनी ठेवलं होतं. अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात गेल्यापासून त्यांची दुपार त्या गेमवरच निघायची. हरले की ते जेवायचे नाहीत. म्हणून तिने त्यांच्या कॉम्प्युटरवरचा शत्रू गुपचूप मवाळ करून टाकला होता.

एका रविवारी ती त्यांची नखं कापत होती.

"गेममधला हा शत्रू हल्ली माझ्या वाटेला जात नाही," ते म्हणाले.

"तुम्ही चांगलं खेळताय, बाबा."

"मी डाव्या हाताने खेळतोय. काल राजधानी उघडी पडली होती. तो दारापर्यंत आला आणि मागे फिरला." त्यांनी हात काढून घेतला. "कीव करायला तुझा भाऊ आहे, डॉक्टर आहेत. तू तरी नको करूस."

त्याच दुपारी तिने शत्रूला दात परत बसवले. संध्याकाळपर्यंत बाबा सपशेल हरले. माऊस आपटला, जेवायला नको म्हणाले. तिने ताट झाकून ठेवलं.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "हा डोंगरामागून कसा येतो? थांब, सांगू नकोस. बघतो मी."

मग तिने मॉडच्या पानावर एकदाचं लिहून टाकलं: माझ्याने आता होत नाही, कोणाला हवं असेल त्याने पुढे चालवावं. खेळणाऱ्यांपैकी एका बसड्रायव्हरने तयारी दाखवली. त्याला सगळं समजावता समजावता महिना गेला. ते आणखी एक कामच झालं. त्याने केलेल्या पहिल्याच बदलाने निम्मी गावं नकाशावरून गायब झाली. लोक त्याच्यावर तुटून पडले. चूक कुठे आहे ते तिला बघताक्षणी कळलं होतं. तिने त्याला एका ओळीत कळवलं आणि खुर्ची मागे सारली.

"तुझंच बरं होतं," बाबा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले.

"असेल," ती म्हणाली. मग ती त्यांच्याच पलंगावर कडेला आडवी झाली, आणि माऊसच्या टकटकीत तिला कधी झोप लागली ते कळलंही नाही.